समोरची वाक्यं

ऑडिशन घरीच चित्रित करून पाठवायची पद्धत आली, तेव्हापासून प्रत्येक नटाला एक माणूस हाताशी ठेवावं लागतं. कॅमेऱ्यामागे बसून समोरच्या पात्राची वाक्यं वाचणारं. माझ्याकडे ग्वेंडा होती. ग्वेंडा आमची शेजारीण, आयुष्यभर शाळेत शिकवलेली. खुनी असो की प्रियकर, सगळ्यांची वाक्यं ती हजेरी घेतल्यासारखी वाचायची, आणि मला ते बरं पडायचं. त्या गुरुवारी ती नेमकी मेलबर्नला गेली होती, सुनेच्या बाळंतपणाला. टेप तर संध्याकाळी पाचच्या आत सिडनीला जायला हवी होती. घरात दुसरं माणूस म्हणजे बाबा.

मी टॅम्सिन पेनबर्थी. नाव ऐकून लोकांच्या लक्षात येत नाही, चेहरा पाहिला की येतं. पंचवीसेक वर्षं मी सिनेमात आणि मालिकांत कुणाची तरी बायको, कुणाची तरी बहीण, एखादी नर्स, एखादी साक्षीदार असते. तीन वर्षं लॉस एंजेलिसला काढली. तिथे अमेरिकन बायका झाले, पडद्यावर दोनदा मेले आणि परत आले. आता अ‍ॅडलेडला सेमाफोरच्या किनाऱ्याजवळ माझं छोटं घर आहे. आई गेल्यानंतर बाबा गावी एकटेच राहत होते. अंगणात पडून त्यांचं कंबरेचं हाड मोडलं, तेव्हा मी त्यांना माझ्याकडे आणलं. माझा भाऊ जॅगो पर्थकडे खाणीत असतो. तो म्हणाला होता, "तुला आणायचं तर आण. मला त्यात धरू नकोस."

बाबांनी दारू सोडून खूप वर्षं झाली होती. सकाळी उठून चहा करायचे, माझा कप दारापाशी ठेवायचे, मागच्या अंगणात टोमॅटो लावायचे. ग्वेंडा म्हणायची, "नशीबवान आहेस गं, असे वडील घरात." मी हो म्हणायचे. पण सकाळी त्यांच्या खोलीचं दार वाजलं की माझा हात होता तिथे थांबायचा. चमचा कपात असला तर कपातच. मग मी पावलं ऐकायचे. पावलं सरळ स्वयंपाकघराकडे गेली की पुन्हा ढवळायला लागायचे. मी हे करते आहे हेसुद्धा मला कितीतरी दिवस कळलं नव्हतं.

आमचं गाव वॉलरू. बाबा बंदरावरच्या धान्याच्या कोठारांत कामाला होते. त्यांच्या पिकअपचं दार कसं लागतं यावरून आम्हाला संध्याकाळ कळायची. हलकेच लागलं तर ते आईची फिरकी घेत आत येणार. धाडकन लागलं तर जॅगो आणि मी आपापल्या जागी, पुस्तकं उघडून. आणि दार लागल्यावर बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही तर ते सगळ्यात वाईट, कारण मग ते गाडीपाशी उभे राहून कशाचा तरी विचार करत असायचे.

अशा वेळी आई माझ्याकडे बघायची. "टॅम, ती मिसेस ट्रेलोरची नक्कल कर ना," असं ती अगदी सहज सुचल्यासारखं म्हणायची. मिसेस ट्रेलोर चर्चमध्ये पेटी वाजवायच्या आणि चुकीचा सूर लागला की शेजारणीकडे रागाने बघायच्या. मी ताटामागे बसून मिसेस ट्रेलोर व्हायचे. बाबांच्या जबड्याकडे बघत, त्यांच्या हाताकडे बघत. हात टेबलावर उघडा पडला की समजायचं, चाललंय. मूठ व्हायला लागली की लगेच दुसरं कुणीतरी व्हायचं, खाटीक, पोस्टमन, कुणीही. ते हसले की त्या दिवसापुरतं सगळं सुटायचं. नाही हसले तर मी टेबलाखाली जायचे आणि जॅगो पुढे व्हायचा. जॅगो माझ्याहून तीनच वर्षांनी मोठा.

लोक मुलाखतीत विचारतात, अभिनय कुठे शिकलात. मी सिडनीच्या नाट्यशाळेचं नाव सांगते.

खरं म्हणजे ऑडिशनच्या खोलीत पहिल्यांदा गेले तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं की ही खोली मला ठाऊक आहे. टेबलामागे तीन माणसं, चेहरे कोरे. बाहेर बसलेल्या मुली म्हणायच्या, त्यांच्या मनात काय चाललंय काही कळत नाही. मला कळायचं. मधल्या माणसाला कंटाळा आलाय, डावीकडची बाई भुकेली आहे, उजवीकडचा दुसऱ्या कुणाला तरी आधीच ठरवून बसलाय. मी बोलता बोलता बदलायचे. कामं मिळत गेली. दिग्दर्शक एकमेकांना सांगायचे, टॅम्सिनला घ्या, तिचा त्रास नाही. मी बोट मोडलेलं असताना दिवसभर घोडा दौडवला आहे. आमच्याकडच्या जुलैच्या थंडीत समुद्रात उतरून शॉट दिला आहे, दिग्दर्शक पाण्याबाहेर कोट घालून उभा. मी कधी कुणाला नाही म्हटलं नाही. त्याला लोक व्यावसायिक शिस्त म्हणत. मीही तसंच म्हणायचे.

तर त्या गुरुवारी मी बाबांना विचारलं. दुपारची जेवणं झाली होती, ते बाहेर टोमॅटोंना काठ्या बांधत होते.

"बाबा, जरा मदत कराल? माझ्यासमोर बसून थोडं वाचायचं आहे."

"मी? मला कुठे वाचता येतं नाटकातलं."

"नुसतं वाचा. पेपर वाचता तसं."

त्यांनी हात धुतले, चष्मा शोधला, आणि इस्त्रीचा शर्ट घालून आले. मी म्हटलं, तुम्ही दिसणार नाही, फक्त आवाज येणार. तरी त्यांनी वरचं बटण लावलं.

प्रसंग साधा होता. गव्हाच्या शेतावरचं घर. विधवा सून आणि म्हातारा सासरा. सून गावातून उशिरा परत येते, सासरा स्वयंपाकघरात बसलेला आहे, आणि तो विचारतो, कुठे होतीस. ती सांगते, गाडी बंद पडली होती. कुणाबरोबर होतीस. एकटीच होते. एवढंच. सिनेमा बेथन रूक नावाची तरुण मुलगी करणार होती. तिच्या पहिल्या सिनेमाचं परदेशात कौतुक झालं होतं, आणि तिच्याबरोबर काम करायला सगळेच धडपडत होते.

पहिल्यांदा बाबांनी खरंच पेपरासारखं वाचलं. "कुठे. होतीस. कुणाबरोबर. होतीस." मला हसू आलं, इतकं हलकं वाटलं. म्हटलं, छान, आणखी एकदा करू.

दुसऱ्यांदा त्यांनी कागद मांडीवर ठेवला. चष्मा काढला. मग अगदी खालच्या आवाजात, जवळजवळ प्रेमाने म्हणाले, "कुठे होतीस?"

तो आवाज मी तीस वर्षांत ऐकला नव्हता. पुढचं वाक्य आठवेना. गाडी, रस्ता, काहीच नाही. आणि माझ्या तोंडातून दुसरंच काहीतरी बाहेर पडलं. माझा आवाजसुद्धा माझा नव्हता, आईचा होता.

"हळू बोला ना. मुलं झोपलीत."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. फोनवरचा लाल ठिपका चालूच होता. मग त्यांनी चष्मा घातला, कागद वर-खाली पाहिला आणि म्हणाले, "हे इथे नाहीये."

"नाही," मी म्हटलं. "चुकलं माझं."

"पुन्हा करायचं?"

"नको. वेळ होत आलीये."

ते टोमॅटोंकडे गेले. मी बाथरूममध्ये जाऊन टबच्या काठावर बसले. पाच वाजायला आले होते, माझ्याकडे पेपरासारखी एक टेप होती आणि ही एक. मी ही पाठवली. त्यातलं काम चांगलं आहे हे मला कळत होतं. टबच्या काठावरसुद्धा कळत होतं. आमच्या धंद्यात हे असंच असतं.

सोमवारी बेथनचा स्वतःचाच फोन आला. भूमिका माझी. ते मुलं झोपल्याचं वाक्य तिने पटकथेत घेतलं होतं. मी आभार मानले.

"आणि तो आवाज कुणाचा होता?" तिने विचारलं.

"कुठला?"

"समोरून वाचणारा. मी सासऱ्यासाठी तीन महिने माणूस शोधतेय, टॅम्सिन. सगळे म्हातारे नट ओरडतात. हा ओरडला नाही."

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. उकिडवं बसता येत नाही म्हणून बाबा बादली उपडी घालून तिच्यावर बसले होते. मी म्हणू शकले असते, नातेवाईक आहेत दूरचे, परदेशी गेले. मला ते सुचलं नाही. वरच्या माणसाने सरळ विचारलं की मी सरळ उत्तर देते.

"माझे वडील," मी म्हटलं.

बाबांना सांगितलं तेव्हा आधी त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मग ते खुर्चीत बसले आणि लहान मुलासारखे हसायला लागले. "मी? सिनेमात? अगं तुझी आई असती तर पोट धरून हसली असती." मग जरा वेळाने, "कपडे कुणाचे? माझेच घालायचे का?"

जॅगोला फोन केला. तो खाणीतल्या वस्तीवर होता, मागे कुणीतरी भांडी आपटत होतं.

"नाही म्हण," तो म्हणाला.

"कुणाला?"

"दोघांनाही. त्या बाईला आणि त्यांना."

"ते किती खूश आहेत, तू बघायला हवं होतंस."

"टॅम, ते खूश असले की तू श्वास घेतेस. अजून. तुझं वय काय झालं?"

"तूच सांग ना त्यांना."

"दोन वर्षांत बोललो नाहीये मी त्यांच्याशी. आता फोन करून काय सांगू, सिनेमात काम करू नका?" मग थोडा थांबून म्हणाला, "मी तिथे नसणार आहे, एवढं लक्षात ठेव."

त्याला जे म्हणायचं होतं ते मला कळलं, आणि त्याने सरळ म्हटलं नाही याबद्दल मी त्याचे मनातल्या मनात आभार मानले.

पुढचे दिवस घरात तालमी चालल्या. पूर्वी पावलं ऐकायची असायची, आता वाक्यंही. मी अंथरुणात असायचे आणि खोल्यांमधल्या बोळातून आवाज यायचा, "कुठे होतीस?" मग त्यांच्या चालायच्या काठीचा ठोका. मग पुन्हा, थोडं वेगळं करून, "कुठे होतीस?" मी उशी कानावर घ्यायचे आणि उशीखालून वाट बघायचे, पुढचं कधी येतंय. कधी कधी बाबा माझं दार ढकलून विचारायचे, "टॅम, हळू बरं वाटतं की अजून हळू?" चेहऱ्यावर इतकी उत्सुकता, की मी उठून बसायचे आणि म्हणायचे, "आहे तेच छान आहे, बाबा." माझं वजन उतरलं. बेथनला ते आवडलं. सून तशीच दिसायला हवी, म्हणाली.

चित्रीकरण बुरा नावाच्या गावापलीकडे, एका जुन्या दगडी घरात होतं. चारी बाजूंना कापलेले गहू, माश्या, वारा. बाबा पहिल्याच दिवशी दोन खोकी टोमॅटो घेऊन गेले आणि सगळ्यांना वाटले. लाइटवाल्यांना गव्हाच्या कोठारातल्या उंदरांच्या गोष्टी सांगितल्या. मेकअपची मुलगी मला म्हणाली, "किती गोड आहेत गं तुझे बाबा. आम्हाला देऊन टाक."

"घेऊन जा," मी म्हटलं, आणि ती हसली.

घराबाहेर ते सगळ्यांना नेहमीच आवडायचे. लहानपणी मला वाटायचं, आमच्या घरात काहीतरी दोष आहे, भिंतींत, किंवा आमच्यात. कारण उंबऱ्याबाहेर हाच माणूस शेजारणींची ओझी उचलायचा.

तो स्वयंपाकघरातला प्रसंग तिसऱ्या दिवशी दुपारी घेतला. खिडक्यांना काळे पडदे लावून रात्र केली होती. मी दारातून आत येणार, पिशवी ठेवणार, बाबा टेबलाशी, पुढ्यात ताट. पहिल्या दोन टेकला काही झालं नाही. बाबांना कॅमेऱ्याची भीतीच वाटत नव्हती. तिसऱ्याच्या आधी बेथन त्यांच्या शेजारी वाकली, खांद्यावर हात ठेवून कानात काहीतरी बोलली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग ताटाकडे. मला दिसलं. मला नेहमीच दिसतं. पण मी माझ्या जागेवर उभी राहिले, कारण शॉट सुरू होत होता.

मी आत आले. पिशवी ठेवली.

"कुठे होतीस?"

"गाडी बंद पडली होती."

"कुणाबरोबर?"

"एकटीच होते. हळू बोला ना, मुलं–"

ताट भिंतीवर जाऊन फुटलं. माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर.

त्यानंतर मी काय केलं ते मला पडद्यावर पाहूनच कळलं. मी ओरडले नाही. दाराकडे पळाले नाही. सत्तेचाळीस वर्षांची बाई मी, गुडघ्यांवर पडले आणि टेबलाखाली शिरले, हात डोक्यावर, पाठ भिंतीला. तिथे मला बाबांचे बूट दिसत होते. सिनेमाच्या कपड्यांतले नाहीत, त्यांचे स्वतःचे बूट. मी त्या बुटांच्या टोकांकडे बघत होते, ती कुणीकडे वळतात ते. मला माहीत होतं की हा सिनेमा आहे. बाजूला चाळीस माणसं उभी आहेत हेही माहीत होतं. त्याचा काही उपयोग होत नव्हता. मला एवढंच वाटत होतं की जॅगो का येत नाहीये.

बूट हलले नाहीत.

बेथनने थांबायला सांगितलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी शिट्टी मारली. मी बाहेर आले तेव्हा ती माझ्यासमोर उकिडवी बसली होती, डोळ्यांत पाणी. "टॅम्सिन, हे काय होतं. हे मी कधीच पाहिलेलं नाही." मग उठून कॅमेऱ्यावाल्याकडे वळली. "असंच परत, आता दुरून. ताट बदला."

बाबा टेबलाशी तसेच उभे होते. ताट फेकलेला हात त्यांनी दुसऱ्या हाताने धरला होता. ते कुणाकडेच बघत नव्हते.

सामान बघणाऱ्या माणसाने नवीन ताट आणून ठेवलं. पोकळ, हलकं, लागलं तरी इजा न करणारं. मी त्या ताटाकडे बघितलं आणि म्हटलं, "नाही."

माझा आवाज इतका बारीक निघाला की कुणी ऐकलाच नाही. लोक लाइट हलवत होते. मी पुन्हा म्हटलं, "बेथन, नाही. मी हे परत करणार नाही."

ती हसत वळली. "अगं, आता तर तुला माहितीये काय होणार. एकदाच."

"मला आधी सांगायला हवं होतंस."

"सांगितलं असतं तर हे आलं असतं का?"

"नसतं आलं."

लाइट हलवणारे थांबले. माझे दात वाजत होते. ते दिसू नये म्हणून मी ओठ मिटून उभी होते. बेथनचा चेहरा कोरा झाला, आणि तो चेहरा मला वाचता आला. या बाईला परत घेणार नाही, असं त्यावर लिहिलं होतं. तुम्हाला सांगते, माझा पंचवीस वर्षांचा धंदा या एका गोष्टीवर उभा होता, की समोरच्याचा चेहरा असा होऊ द्यायचा नाही. मला वाटलं, पाया पडावं, सॉरी म्हणावं, ताट स्वतःच बाबांच्या हातात द्यावं.

तेवढ्यात बाबा म्हणाले, "ती नाही म्हणाली." आणि काठी घेऊन बाहेर गेले.

मी माझ्या गाडीत, म्हणजे कपडे बदलायच्या व्हॅनमध्ये, जाऊन बसले. कडी लावली. थोड्या वेळाने खडीवर काठीचा आवाज आला. पाऊल, काठी, पाऊल. दाराशी थांबला. आणि मग काहीच नाही. मी सोफ्याच्या कोपऱ्यात सरकले. म्हातारा माणूस तो, कंबरेत लोखंडी सळई घातलेला, मी एका हाताने ढकलला असता तर पडला असता. तरी मी श्वास धरून बसले होते.

"टॅम," ते बाहेरून म्हणाले. "आत येत नाही. बाहेरच उभा आहे."

मी पाय सोफ्यावर घेतले.

"तिने सांगितलं, तुला ठाऊक आहे म्हणून. ताटाचं."

ते खरं होतं की नाही, मी आजवर बेथनला विचारलेलं नाही.

"तू टेबलाखाली जायचीस," ते म्हणाले. "मला वाटायचं, तुम्ही पोरं लपाछपी खेळता."

"तुम्हाला असं वाटायचं?"

"नाही," ते म्हणाले. "नाही वाटायचं."

मी कडी काढली नाही. दारातून विचारलं, "काय काय आठवतं तुम्हाला?"

"सगळं नाही. पिऊन असायचो." काठी खडीत फिरवल्याचा आवाज आला. "जॅगोचा हात मोडला ते आठवतं."

मी लहानपणापासून या वाक्याची वाट बघत होते बहुतेक. वाटलं होतं, ऐकल्यावर रडू येईल, किंवा राग. तसं काही झालं नाही. माझं सगळं लक्ष काठीकडे होतं, ती सरळ धरलीय की उचललीय. ते बोलत होते आणि मी काठी ऐकत होते.

"मी घरी जाऊ का?" त्यांनी विचारलं.

"कुठल्या घरी?"

मग मी एका दमात म्हणून टाकलं, थांबले असते तर म्हणू शकले नसते. "माझ्याकडे नको, बाबा. मला झोप लागत नाही. वॉलरूला तुमच्यासाठी जागा बघते. मी भेटायला येईन."

आता दार हलेल, असं मला वाटत होतं. माझी नजर कडीवर होती.

"टोमॅटोंना पाणी कोण घालणार?" ते म्हणाले.

"मी घालीन."

"सकाळी घाल. उन्हात घातलंस तर पानं करपतात." आणि काठी दूर गेली.

बेथन माझ्याशी शेवटपर्यंत सभ्यपणे वागली. दुरूनचा शॉट तिने माझ्याशिवायच घेतला, रिकाम्या स्वयंपाकघराचा. बाबांचे उरलेले प्रसंग मी नसलेल्या दिवशी उरकले. वॉलरूला समुद्राजवळच्या वृद्धाश्रमात त्यांना खोली मिळाली, बंदराचा धक्का दिसतो तिथून. न्यायला मीच गेले. वाटेत कडीना गावात थांबून आम्ही मांस-बटाटा भरलेली पेस्टी खाल्ली. ते सगळ्या रस्त्यात हवामानाबद्दल बोलले. सोडून परत निघाले तेव्हा माझे हात स्टिअरिंगवर इतके घट्ट होते की पोर्ट वेकफिल्डला गाडी बाजूला घेऊन मला बोटं एकेक करून सोडवावी लागली. मी सुटले असं वाटायला हवं होतं. मला वाटत होतं, आपण काहीतरी भयंकर केलंय आणि आता ते कळणार आहे.

सिनेमा आला. लोकांनी नावाजला. टेबलाखालचा शॉट जाहिरातीतही वापरला. आणि बाबांना, तुम्हाला खरं वाटणार नाही, बिस्किटाच्या जाहिरातीत काम मिळालं. नातवंडांना बिस्किटं वाटणारे आजोबा. बाजारात बायका मला थांबवून सांगायच्या, तुझे बाबा किती लाघवी दिसतात. जॅगोने ती जाहिरात खाणीतल्या कँटीनमध्ये पाहिली. त्याने फोन केला, आधी इकडच्या पावसाचं विचारलं. मग म्हणाला, "दात नवीन बसवलेत का रे त्यांनी?" मला "रे" तो क्वचितच म्हणतो, अगदी लहानपणी म्हणायचा.

"हो," मी म्हटलं. "त्यांना तुझा हात आठवतो. मला म्हणाले."

"बरं," जॅगो म्हणाला. "मलाही आठवतो." आणि खाणीतल्या उकाड्याबद्दल बोलायला लागला.

मला मात्र कितीतरी महिने काम आलं नाही. एजंट म्हणायची, सगळीकडेच मंदी आहे. मी फोन उशाशी घेऊन झोपायचे. बेथनने कुणाला काय सांगितलं असेल, याची वाक्यं मी मनात रचायचे, दोन्ही बाजूंची. रात्र नको वाटायची आणि दिवसही.

शेवटी टास्मानियात एका मालिकेचं काम आलं, न्यायाधीशाची भूमिका. दिग्दर्शक साठीचा, नावाजलेला, मोठ्या आवाजाचा. पहिल्याच सकाळी एका सहायक मुलीची काही चूक झाली आणि त्याने कानावरचा हेडफोन काढून जमिनीवर आपटलं. सगळे खाली बघायला लागले. मला दिसत होतं, आता एखादा विनोद केला तर हा निवळेल. विनोद माझ्या जिभेवर तयारही होता. चांगला होता.

मी उठले. "तुम्ही शांतपणे बोलू शकाल तेव्हा मला बोलवा," मी म्हटलं. "मी व्हॅनमध्ये आहे." शब्द धड निघाले नाहीत.

व्हॅनमध्ये न्यायाधीशाचा काळा झगा अंगात तसाच होता. मी त्याच्या आत हात घेऊन बसले. बाहेर माणसं बोलत होती, माझं नाव ऐकू येत होतं. संपलं सगळं, मला वाटलं. आता परत अ‍ॅडलेड, आता मालिकांचं कामही नाही. परत जाऊन माफी मागायला अजून वेळ आहे, दारापर्यंत चार पावलं. मी दोनदा उठले आणि दोनदा बसले.

मग पायऱ्यांवर बूट वाजले. जड बूट, पुरुषाचे. दाराबाहेर थांबले.

"मिस पेनबर्थी," तो दिग्दर्शक होता. "त्या मुलीची मी माफी मागितलीय. तुम्ही येताय का, की मी थोड्या वेळाने येऊ?"

"थोड्या वेळाने," मी म्हटलं.

बूट खाली उतरले. माझी छाती इतकी धडधडत होती की झग्याचं कापड हलताना दिसत होतं. मी आरशात केस नीट केले, थोडं पाणी प्यायले, आणि धडधड थांबेना म्हणून तशीच बाहेर पडले.